रेडिओ फोरचा दिवस: ब्रिटनमध्ये नव्यानं आलेल्यांनी सुरुवात कुठून करावी

ब्रिटनमध्ये एक रेडिओ केंद्र असं आहे की जिथे जवळपास गाणीच लागत नाहीत. बातम्या, मुलाखती, नाटकं, शेतकी, विनोद, संसदेचा वृत्तांत, पुस्तकवाचन, समुद्राचं हवामान, असं पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत नुसतं बोलणं. ते केंद्र म्हणजे बीबीसी रेडिओ ४. ३० सप्टेंबर १९६७ रोजी ते बीबीसीच्याच जुन्या 'होम सर्व्हिस' या केंद्राच्या जागी आलं. लहानपणी घरात आकाशवाणी ऐकलेल्या मराठी माणसाला ही मांडणी परकी वाटत नाही. 'वनिता मंडळ', शेतकऱ्यांसाठी 'माझं घर माझं शेत', टेकाडे भावजींचा 'प्रपंच', प्रादेशिक बातम्या या सगळ्यांची भावंडं इथे भेटतात.

तरीही नवीन आलेली बहुतेक मंडळी आठवड्याभरात रेडिओ बंद करतात. कारण ठरलेलं असतं. सकाळी कामाला निघताना रेडिओ लावला जातो आणि तेव्हा चालू असतो 'टुडे', म्हणजे सकाळच्या बातम्या-मुलाखतींचा, दिवसातला सगळ्यात अवघड कार्यक्रम. दोन माणसं एकमेकांना तोडत बोलत असतात, विषय कालपासून चाललेला असतो, नावं ओळखीची नसतात. म्हणून आधी एवढं पक्कं करा: कार्यक्रम घड्याळाप्रमाणे लागतात, पण तुम्ही त्या क्रमानं शिकू नका. खालचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो.

१. काय काय लागेल

- डॅब प्लस (डॅब या डिजिटल रेडिओ प्रसारणाची नवी आवृत्ती) चालणारा रेडिओ संच, किंवा साधा एफएम संच, किंवा फोन. तिन्ही घ्यायची गरज नाही.
- फोनवर ऐकणार असाल तर बीबीसी साउंड्स अ‍ॅप आणि बीबीसीचं मोफत खातं. खातं उघडताना जन्मतारीख आणि ब्रिटनमधला पोस्टकोड विचारतात. तात्पुरत्या घराचा पोस्टकोड चालतो.
- छोटी वही आणि पेन.
- ब्रिटनचा नकाशा, शक्यतो भोवतीचा समुद्र दाखवणारा. का, ते नवव्या पायरीत कळेल.

लायसन्स लागत नाही. इथे नव्या घरी राहायला गेलं की टीव्ही लायसन्सची पत्रं दारात पडू लागतात आणि माणूस गडबडतो. रेडिओचं वेगळं लायसन्स १९७१ मध्येच रद्द झालं. संचावर, गाडीत किंवा साउंड्सवर नुसता रेडिओ ऐकायला एक पैसाही भरावा लागत नाही. टीव्हीवर थेट कार्यक्रम बघणं किंवा आयप्लेअर (बीबीसीची ऑनलाइन टीव्ही सेवा) वापरणं हा वेगळा मामला आहे, त्याला लायसन्स लागतं.

२. संच लावणं

एफएमवर रेडिओ ४ साधारण ९२ ते ९६ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात सापडतो, काही भागांत १०३ ते १०५ च्या दरम्यान. लंडनमध्ये ९३.५ लावा. डॅबवर आकडे शोधावे लागत नाहीत, केंद्राचं नाव पडद्यावर येतं. पण घर बदललं की संचाला नव्यानं केंद्रं शोधायला लावावं लागतं. हे न केल्यामुळे पुष्कळ जण 'संच बिघडला' म्हणून तो टाकून देतात.

डॅबचं प्रसारण कमजोर असेल तर एफएमसारखी खरखर होत नाही. आवाज पाण्याखालून बुडबुड्यांसारखा येतो आणि मग एकदम तुटतो. एरियल पूर्ण बाहेर काढून उभी करा, संच खिडकीजवळ न्या, मायक्रोवेव्ह आणि एलईडी दिव्यांपासून लांब ठेवा. स्वयंपाकघरात संच फ्रिजवर ठेवायची सवय असेल तर ती मोडा. बॅटरीवर चालवणार असाल तर डॅब एफएमपेक्षा खूपच लवकर बॅटरी खातो, घरात शक्यतो प्लगवरच चालवा. जुना संच स्वस्तात मिळाला तर घेण्याआधी दोन गोष्टी बघा: त्याचाच अडॅप्टर सोबत आहे का, आणि तो डॅब प्लस पकडतो का. नुसत्या डॅबच्या जुन्या संचावर रेडिओ ४ लागेल, पण बरीच इतर केंद्रं लागणार नाहीत.

एका खोलीत एफएम आणि दुसऱ्या खोलीत फोन, असं एकाच वेळी लावू नका. डॅब एफएमच्या काही सेकंद मागे असतो, अ‍ॅप त्याहूनही मागे. घरभर प्रतिध्वनी घुमतो आणि एकही वाक्य धड कळत नाही.

३. घड्याळ ओळखा

रेडिओ ४ वर बऱ्याच तासांच्या ठोक्याला सहा 'पिप्स' वाजतात. पाच आखूड आणि सहावा लांब. तास सुरू होतो तो सहाव्याच्या आरंभाला. ५ फेब्रुवारी १९२४ पासून ही प्रथा आहे. घड्याळ लावायचं असेल तर ते एफएमवरच्या पिप्सवर लावा. डॅब आणि अ‍ॅपवरचे पिप्स वर सांगितलेल्या उशिरामुळे चुकीचे असतात. संध्याकाळी ६ ला आणि मध्यरात्री पिप्सऐवजी बिग बेनचे टोल ऐकू येतात, तेही रेकॉर्ड केलेले नव्हे, मनोऱ्यातल्या मायक्रोफोनवरून थेट.

कार्यक्रमांची लांबी विचित्र दिसते: १३ मिनिटं, २८ मिनिटं, ४३ मिनिटं. हे पाव तास, अर्धा तास आणि पाऊण तासच आहेत, उरलेल्या वेळात बातम्या आणि पुढच्या कार्यक्रमांच्या सूचना बसतात. म्हणून 'साडेसहाचा कार्यक्रम' सहा एकतीसला लावलात तर सुरुवात हुकते.

सोमवार ते शुक्रवारचा ठोकळ आराखडा असा:

- पहाटे ५.४५: 'फार्मिंग टुडे', शेतीच्या बातम्या
- सकाळी ६ ते ९: 'टुडे'
- ९: गंभीर चर्चा. गुरुवारी 'इन अवर टाइम', म्हणजे एक विषय आणि तीन प्राध्यापक
- १०: 'वूमन्स अवर', १९४६ पासून चालू
- दुपारी १: 'वर्ल्ड अ‍ॅट वन', बातम्यांचा पाऊण तास
- २: 'द आर्चर्स' या नाट्यमालिकेच्या आदल्या भागाचं पुनःप्रसारण, त्यानंतर २.१५ ला नाटक
- ५: 'पीएम', संध्याकाळचा बातम्यांचा कार्यक्रम
- ६: बातम्या, ६.३० ला विनोद
- ७: 'द आर्चर्स'चा नवा भाग (शुक्रवारीही, आणि रविवारीसुद्धा)
- रात्री १०: 'द वर्ल्ड टुनाइट', रात्रीच्या बातम्या, १०.४५ ला 'बुक अ‍ॅट बेडटाइम'
- ११.३०: संसद चालू असेल तर 'टुडे इन पार्लमेंट'
- १२.४८: 'शिपिंग फोरकास्ट', म्हणजे समुद्राचं हवामान, मग राष्ट्रगीत, आणि रात्री १ पासून बीबीसीची आंतरराष्ट्रीय वर्ल्ड सर्व्हिस

मधल्या वेळा ऋतूनुसार हलतात. वर दिलेल्या वेळा सहसा बदलत नाहीत.

४. पहिले दोन आठवडे: संध्याकाळी ६ च्या बातम्या

सुरुवात इथून. हा अर्धा तास लिहून वाचलेला असतो, वाचणारा स्पष्ट आणि सावकाश वाचतो, कुणी कुणाला तोडत नाही. आकाशवाणीच्या सातपाचच्या बातम्या ऐकणाऱ्याला ही चाल ओळखीची वाटेल.

पद्धत अशी ठेवा. ५.५७ ला हवामान लागतं, तेव्हाच रेडिओ लावा. सहाला आरंभी ठळक बातम्या येतात. वहीत प्रत्येकीतली फक्त नावं लिहा, माणसांची, गावांची, खात्यांची. वाक्यं लिहू नका, हात मागे पडतो आणि कान बंद होतो. शेवटी तेच मथळे पुन्हा सांगतात, तेव्हा वहीतली नावं जुळतात का बघा. दोन आठवड्यांत मंत्री, पक्ष, न्यायालयं, रुग्णालयांचे ट्रस्ट, स्कॉटलंड आणि वेल्सची वेगळी सरकारं हे सगळं कानाला लागतं. एवढं झाल्याशिवाय 'टुडे'कडे जाऊ नका.

इथे हमखास होणारा एक गोंधळ: आरोग्य किंवा शाळांची बातमी बऱ्याचदा फक्त इंग्लंडपुरती असते आणि निवेदक तसं सांगतोही. तो 'इन इंग्लंड' हा शब्द कानाआड करू नका. कार्डिफ किंवा ग्लासगोत राहणाऱ्याला इंग्लंडमधल्या प्रिस्क्रिप्शनच्या शुल्काची बातमी लागू होत नाही. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये ते शुल्कच नाही.

५. ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत: 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'

जानेवारी १९४२ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम. पाहुण्याला निर्जन बेटावर पाठवायचं आहे, त्यानं सोबत आठ रेकॉर्ड, एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू न्यायची. बायबल आणि शेक्सपिअर आधीच बेटावर ठेवलेले असतात. बायबलऐवजी दुसरा धर्मग्रंथ किंवा तत्त्वज्ञानाचं पुस्तक मागता येतं. चैनीची वस्तू निरुपयोगी असावी लागते, होडी मागता येत नाही.

नव्या श्रोत्याला हा सोपा जातो, कारण पुढचा प्रश्न काय येणार हे माहीत असतं. मधे गाण्याचा तुकडा वाजतो तेव्हा ऐकलेलं पचवायला वेळ मिळतो. शिवाय वर्ग, शाळा, उच्चार, गाव यांबद्दल ब्रिटिश माणूस स्वतःविषयी कसं बोलतो आणि काय बोलायचं टाळतो, हे इथे कळतं. जुन्या भागांचा मोठा साठा मोफत ऐकता येतो. आधीच परिचित असलेल्या पाहुण्यापासून सुरुवात करा.

६. 'द आर्चर्स': एक महिना चिकाटी

१ जानेवारी १९५१ पासून देशभर चालू असलेली ही मालिका जगातली सर्वात दीर्घ चाललेली नाट्यमालिका मानली जाते. बॉर्सेटशर नावाच्या काल्पनिक परगण्यातलं अँब्रिज नावाचं काल्पनिक गाव, आणि तिथली शेतकरी कुटुंबं. युद्धानंतर रेशनिंग चालू असताना शेतकऱ्यांपर्यंत नव्या पद्धती पोचवणं हा मूळ हेतू होता. शेतीचा सल्ला गोष्टीत मिसळून द्यायचा, ही कल्पना आपल्याकडच्या ग्रामीण कार्यक्रमांनीही वापरली.

अडचण अशी की इथे निवेदक नाही. भाग थेट संवादाच्या मध्यावर सुरू होतो आणि 'कोण कुणाचं कोण' हे कुणी सांगत नाही. उपाय:

पहिल्या आठवड्यात रोजचे भाग ऐकू नका. रविवारी सकाळी आठवड्याचे सगळे भाग सलग लागतात, सव्वा तासाचा तो गठ्ठा ऐका. प्रत्येक प्रसंगाच्या पहिल्या वीस सेकंदांत दोन गोष्टी टिपा: मागचा आवाज आणि हाक मारलेलं नाव. गायी हंबरत असतील तर गोठा, ग्लास वाजत असतील तर 'द बुल' हा पब. दिसत काहीच नसल्यामुळे पात्रं एकमेकांची नावं खऱ्या आयुष्यात घेणार नाहीत इतक्या वेळा घेतात. ते तुमच्यासाठीच असतं. वहीत माणसांऐवजी घरांची यादी करा: ब्रुकफील्ड, ब्रिज फार्म, लोअर लॉक्सली. माणूस कुठल्या घरचा ते कळलं की नातं आपोआप लागतं. गावाकडच्या मराठी माणसाला ही वाडीनिहाय ओळख शिकवावी लागत नाही.

कंटाळा येईल. मालिकेत पुष्कळदा काहीच घडत नाही, कुणाच्या तरी कुंपणावरून तीन आठवडे वाद चालतो. ऑफिसमधल्या साठीच्या सहकाऱ्याशी बोलायला मात्र या कुंपणाइतका चांगला विषय क्रिकेटनंतर दुसरा नाही.

७. आता 'टुडे'

२८ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झालेला हा कार्यक्रम आता तीन तासांचा आहे. तिन्ही तास ऐकू नका. दोन खिडक्या पुरेत. पावणेआठच्या सुमारास 'थॉट फॉर द डे' लागतं: धर्माच्या अंगानं केलेलं जेमतेम तीन मिनिटांचं चिंतन, वक्ते ख्रिस्ती असतात तसेच हिंदू, शीख, मुस्लीम, ज्यूही. दुसरी खिडकी ८.१० ची. दिवसातली मुख्य राजकीय मुलाखत बहुधा इथे असते.

ती ऐकताना नव्या माणसाची हमखास फसगत होते. मुलाखतकार मंत्र्याला टोचून विचारतो म्हणजे तो विरोधी पक्षाचा, असं समजू नका. उद्या तोच विरोधी नेत्याला तितकंच टोचेल. न्यायालयातल्या उलटतपासणीसारखं ते आहे, वकिलाच्या प्रश्नावरून वकिलाचं मत काढायचं नसतं. मंत्र्यानं उत्तर टाळलं की प्रश्न जसाच्या तसा पुन्हा येतो. तिसऱ्यांदा आला की समजा, आज संध्याकाळच्या बातम्यांत हाच तुकडा वाजणार.

८. विनोद सगळ्यात शेवटी

साडेसहाचा विनोद हलका म्हणून लोक तिथून सुरुवात करतात आणि प्रेक्षक हसताना आपण गप्प, म्हणून खट्टू होतात. ब्रिटिश रेडिओचा विनोद संदर्भावर उभा असतो. 'द न्यूज क्विझ' त्या आठवड्याच्या बातम्यांवर चालतो. आठवडाभर सहाच्या बातम्या ऐकल्या असतील तरच तो लावा.

'जस्ट अ मिनिट' मात्र शिकणाऱ्याला सोन्यासारखा. दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलायचं: न अडखळता, शब्द पुन्हा न वापरता, विषय न सोडता. घरी मराठीतून खेळून बघा, वीस सेकंद टिकणंही कठीण जातं.

आणि एक इशारा. 'आय अ‍ॅम सॉरी आय हॅव्हन्ट अ क्लू' मध्ये 'मॉर्निंग्टन क्रेसेंट' नावाचा खेळ लागतो. खेळाडू आळीपाळीनं लंडनमधल्या स्टेशनांची आणि रस्त्यांची नावं घेतात, जो मॉर्निंग्टन क्रेसेंटला आधी पोचेल तो जिंकला. मधे गहन नियमांची चर्चा होते. ट्यूबचा, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचा, नकाशा घेऊन ते नियम शोधत बसू नका. नियम नाहीतच. आहेत असं सगळ्यांनी गंभीर चेहऱ्यानं दाखवणं, हाच खेळ.

९. रात्री १२.४८: समुद्राचं हवामान

'सेलिंग बाय' ही संथ धून वाजते आणि मग मोजक्या आवाजात नावांची माळ सुरू होते: व्हायकिंग, नॉर्थ उट्‌सिरा, साउथ उट्‌सिरा, फोर्टीज, क्रॉमर्टी... ब्रिटन आणि आयर्लंडभोवतीच्या समुद्राचे ३१ विभाग, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. अंदाज मेट ऑफिस, म्हणजे ब्रिटनचं हवामान खातं, तयार करतं. शब्दसंख्येला ३५० ची मर्यादा असते, रात्रीच्या अंदाजाला फक्त तेव्हाच येणाऱ्या ट्रफाल्गर विभागामुळे थोडी जास्त. पुष्कळ श्रोते झोप यावी म्हणून ऐकतात, पण हे गूढ काव्य नव्हे, खलाशानं लिहून घ्यायचा मजकूर आहे, आणि तो उलगडणं अर्ध्या तासात जमतं.

नकाशा पुढे घ्या. आधी वादळाच्या सूचना, मग हवेच्या दाबाचं सर्वसाधारण चित्र, मग विभागवार अंदाज. प्रत्येक विभागात क्रम एकच: वाऱ्याची दिशा आणि जोर, समुद्राची स्थिती, पाऊसपाणी, दृश्यमानता. शीर्षकं वाचत नाहीत, म्हणून नवख्याला 'गुड' म्हणजे हवा चांगली असं वाटतं. शेवटचा 'गुड' फक्त दृश्यमानतेचा असतो.

नमुना घेऊ: 'साउथवेस्टर्ली फाइव्ह टु सेव्हन, व्हीअरिंग वेस्टर्ली लेटर. रफ. रेन. मॉडरेट ऑर गुड, ऑकेजनली पुअर.' याचा अर्थ असा की नैर्ऋत्येकडून वारा, वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मोजपट्टीवर ५ ते ७. नंतर तो घड्याळाच्या दिशेनं फिरून पश्चिमेचा होईल. लाटा अडीच ते चार मीटर. पाऊस. दृश्यमानता मध्यम ते चांगली, अधूनमधून खराब.

वेळेचे शब्द मोघम वाटतात, पण काटेकोर आहेत. 'इमिनंट' म्हणजे सहा तासांच्या आत, 'सून' म्हणजे सहा ते बारा तासांत, 'लेटर' म्हणजे बारा तासांनंतर. वारा घड्याळाच्या दिशेनं वळला तर 'व्हीअरिंग', उलट वळला तर 'बॅकिंग'. जोर ८ झाला की 'गेल', ९ ला 'सिव्हिअर गेल', १० ला 'स्टॉर्म'. दृश्यमानता 'गुड' म्हणजे पाच सागरी मैलांहून जास्त, 'व्हेरी पुअर' म्हणजे हजार मीटरच्या आत. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या का परततात, हे माहीत असलेल्या कोकणी घरातल्या माणसाला हे आकडे लगेच उमगतील.

विभागांतलं फिट्‌झरॉय हे नाव २००२ मध्ये आलं, त्याआधी तिथे फिनिस्टर होतं. जुन्या नकाशावर फिट्‌झरॉय सापडलं नाही तर गोंधळू नका.

१०. आत जाऊन ऐकणं

'एनी क्वेश्चन्स?' हा १९४८ पासून चालणारा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम शुक्रवारी रात्री ८ वाजता गावोगावच्या सभागृहांतून, शाळांतून, चर्चमधून थेट होतो. तुमच्या गावात येणार असेल तर तिकीट मोफत मिळतं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा. एका वाक्याचा, आठवड्याच्या बातमीवरचा, चारही पाहुण्यांना विचारता येईल असा लिहा. स्वतःच्या व्हिसाच्या तक्रारीचा प्रश्न निवडला जाणार नाही. शनिवारी दुपारी त्याचं पुनःप्रसारण होतं आणि लगेच 'एनी आन्सर्स?' मध्ये श्रोते फोन करून मतं मांडतात. इतक्या तऱ्हांचे प्रादेशिक उच्चार एका जागी ऐकायचे तर हाच कार्यक्रम.

विनोदी कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणाची तिकिटंही मोफत असतात, पण खुर्च्यांपेक्षा जास्त वाटली जातात. तिकीट हातात असूनही उशिरा आलात तर दारातून परत जावं लागतं. फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा.

११. रेडिओ ४ च्या शेजारी

रेडिओ ४ एक्स्ट्रावर जुना साठा लागतो. तिथे एखाद्या पंतप्रधानाची थट्टा ऐकून तो अजून पदावर आहे असं समजू नका. ५ लाइव्हवर बातम्या आणि खेळ. एलबीसी हे १९७३ पासूनचं खासगी केंद्र, फोनवर वाद घालण्याचं. तिथले निवेदक स्वतःचं मत उघड सांगतात; बीबीसीवर ते चालत नाही. तिथे जाहिरातीही असतात, आणि कर्जाच्या जाहिरातीच्या शेवटी धापा टाकत वाचलेल्या अटी कुणालाच कळत नाहीत, तुम्हालाच असं नाही.

१२. भारतातून ऐकणाऱ्यांसाठी

साउंड्स अ‍ॅप २०२५ पासून ब्रिटनबाहेर बंद आहे. रेडिओ ४ थेट ऐकायला बीबीसीचं संकेतस्थळ किंवा मुख्य बीबीसी अ‍ॅप वापरा. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. तो मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो, म्हणून गजर वर्षातून दोनदा सरकवावा लागतो. संध्याकाळी ६ च्या बातम्या आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला, हिवाळ्यात साडेअकराला. 'वूमन्स अवर' दुपारी अडीचला किंवा साडेतीनला. आणि तिकडे मध्यरात्र उलटल्यावर लागणारं समुद्राचं हवामान इकडे पहाटे ५.१८ ला किंवा ६.१८ ला, चहाचं आधण ठेवायच्या वेळी.